सूर्याजवळ येणं वेगळं, पृथ्वीजवळ येणं वेगळं: ४६पी/विर्टानेनची गोष्ट

"विर्टानेन हा धूमकेतू दर साडेपाच वर्षांनी पृथ्वीजवळ येतो" हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता सहन होत नाही. तो दर साडेपाच वर्षांनी येतो तो सूर्याजवळ. पृथ्वीजवळ येईलच असं नाही, बहुतेक वेळा येतही नाही.

उपसूर्य बिंदू म्हणजे कक्षेतला सूर्याला सर्वात जवळचा बिंदू. कक्षा लंबवर्तुळाकार, आणि सूर्य तिच्या मध्यावर नाही, एका बाजूच्या नाभीत. विर्टानेनचं उपसूर्य अंतर सुमारे १.०६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर), म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या जेमतेम बाहेर. कक्षेचं दुसरं टोक गुरूच्या कक्षेच्या आसपास. हे आकडे धूमकेतू आणि सूर्य या दोघांचे आहेत. त्या दिवशी पृथ्वी कुठे असेल, हे त्यांतून कळत नाही.

घोळ पक्का झाला तो २०१८ मध्ये. १२ डिसेंबरला विर्टानेन उपसूर्य बिंदूपाशी होता आणि १६ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वात जवळ, सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर. मध्ये फक्त चार दिवस, म्हणून दोन्ही घटना एकच समजल्या गेल्या. पण त्या जुळून आल्या त्या महिन्यामुळे. सूर्यावरून बघितलं तर या धूमकेतूचा उपसूर्य बिंदू ज्या दिशेला आहे, त्या दिशेला पृथ्वी दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचते. धूमकेतूही तेव्हाच तिथे आला, तर दोघे शेजारी. पुढच्या फेरीत, १९ मे २०२४ रोजी, तो पुन्हा जवळपास तेवढ्याच उपसूर्य अंतरावर होता. पृथ्वी मात्र सूर्याच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला. आपल्यापासून तो सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर होता, २०१८ च्या सव्वीसपट, आणि आकाशात सूर्याच्या इतका जवळ की शोधणंच कठीण. जुलै २०१३ ची फेरीही अशीच वाया गेली. आवर्तनकाळ, म्हणजे सूर्याभोवतीच्या एका फेरीचा काळ, वर्षांच्या पूर्ण संख्येत बसत नाही, त्यामुळे उपसूर्याचा महिना दर फेरीला सरकतो. म्हणून कुठल्याही आवर्ती धूमकेतूची बातमी आली की वर्ष नंतर, आधी महिना बघावा.

हॅलेच्या धूमकेतूच्या बाबतीतही हेच. ९ फेब्रुवारी १९८६ ला तो उपसूर्य बिंदूपाशी असताना आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होतो. पृथ्वीच्या सर्वात जवळ तो आला ११ एप्रिलला. "हॅलेने निराशा केली" असं आजही म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. धूमकेतू ठरल्याप्रमाणे आला, आपली जागा चुकली.

तेजस्वितेत दोन्ही अंतरांचा वाटा असतो. सूर्यापासूनच्या अंतरावर बर्फ किती उडून जाणार ते ठरतं. पृथ्वीपासूनच्या अंतरावर तो आपल्याला केवढा दिसणार ते. २०१८ मध्ये विर्टानेनची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) चारच्या आसपास गेली, पण तो प्रकाश पूर्णचंद्राहून मोठ्या भागावर पसरलेला, म्हणून फिका होता. नुसती प्रत देऊन "डोळ्यांनी सहज दिसेल" असं छापणाऱ्यांनी हे सांगायलाच हवं होतं. असा पसरट धूमकेतू अंधाऱ्या जागेहून दुर्बिणीने, तीही द्विनेत्री, बघावा. मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद दृश्यक्षेत्रात तो मावत नाही.

आणि उपसूर्य अंतरही कायमचं नसतं. कार्ल विर्टानेन यांना जानेवारी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत छायाचित्रणाच्या काचेवर हा अंधुक ठिपका सापडला, तेव्हा ते अंतर सुमारे १.६ खगोलीय एकक होतं. १९७२ आणि १९८४ मध्ये तो गुरूजवळून गेला, गुरूच्या ओढीने कक्षा आक्रसली आणि आवर्तनकाळही वर्षभराहून अधिक घटला. १९४८ च्या कक्षेवरून तो कितीही डिसेंबर साधून आला असता, तरी पृथ्वीपासून साधारण नऊ कोटी किलोमीटर दूरच राहिला असता.