निवडक बुट्टा कापून रजई: पार्श्वभूमी

बडोद्यातील मराठी घरांत गोधडी शिवताना झिजलेल्या लुगड्यांचा जो भाग शाबूत असेल तोच वापरला जाई. त्यावरचे फूल अर्धे कापले गेले तरी कोणी हळहळत नसे. आता क्विल्टिंगची आवड असणारे छापील कापडातला नेमका मोर किंवा कमळ तुकड्याच्या मधोमध येईल असे कापतात. ही रीत विलायती मानली जाते. पण जिच्यासाठी ती जन्मली, ती चीट, म्हणजे रंगीत नक्षीचे सुती कापड, भारतीय होती.

सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरची चीट युरोपात पोचली तेव्हा धुऊनही न उतरणारा तिचा रंग तिथे नवलाचा ठरला. तुरटी आणि लोहाच्या पाण्याने नक्षी काढून ती मुळांच्या लाल रंगात उकळायची आणि निळीत बुडवण्याआधी बाकीचा भाग मेणाने झाकायचा, ही कारागिरी तिथल्या रंगाऱ्यांना ठाऊक नव्हती. लोकर आणि रेशीम विणणारे धास्तावले, आणि फ्रान्सने 1686 मध्ये, इंग्लंडने 1700 व 1721 च्या कायद्यांनी छापील सुती कापडावर निर्बंध घातले, जे इंग्लंडमध्ये 1774 पर्यंत टिकले. महाग आणि दुर्मीळ कापडाची चिंधीही मग मोलाची झाली. एकेक फूल, पक्षी किंवा झाडाची फांदी कडेने कातरून साध्या पांढऱ्या कापडावर टाक्यांनी बसवली, की हातभर चिटेत अख्खा पलंगपोस सजे. सौराष्ट्रातील कटाबकामात आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवतात तोच हा प्रकार, फक्त इथे आकार छापणाऱ्याने आधीच काढून दिलेला असे. इंग्लंडमधील लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्यातील सुमारे 1708 ची रजई भारतीय चिटेच्या तुकड्यांचीच आहे.

1783 मध्ये टॉमस बेल यांनी रूळछपाईचे, म्हणजे नक्षी कोरलेल्या फिरत्या रुळांनी कापड छापण्याचे, पेटंट घेतले आणि पुढे छापील कापड स्वस्त होत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर रजईच्या मध्यभागी लावण्यासाठीच चौकटी छापल्या जाऊ लागल्या. काटकसरीचे कारण संपले, हौस मात्र उरली, आणि माझ्या मते या कलेला खरे वळण इथेच लागले. कागदावर बेतलेल्या षटकोनांत एकच बुट्टा सहा वेळा, त्याच कोनात बसवला की मधोमध मूळ कापडात नसलेली चांदणी उमटते. त्यासाठी पारदर्शक साचा बुट्ट्यावर ठेवून, शिवणीपुरता पाव इंच सोडून कापतात, आणि ताक्याची अक्षरशः चाळणी होते. जी युक्ती कापड वाचवण्यासाठी निघाली, तीच आज सर्वांत जास्त कापड खाते.

यंत्रछपाईचे सहा थर एकावर एक लावून एकदम कापता येतात. गुजरात-कच्छच्या हातठशाच्या कापडाला, मग ते भौमितिक नक्षीचे अजरख का असेना, हे चालत नाही: हाताने मारलेला ठसा दर वेळी केसभर सरकतो, म्हणून साचा प्रत्येक बुट्ट्यावर स्वतंत्रपणे ठेवावा लागतो.