कैद्यांचे समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्य

तुरुंगातील व्यक्तीला फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांवर आपले म्हणणे मांडण्याचा असलेला हक्क आणि त्यावरील निर्बंध. कैद्याला सहसा मोबाइल बाळगता येत नाही. म्हणून तो कागदावर लिहितो, कागद टपालाने किंवा वकिलामार्फत बाहेर जातो आणि घरचे कोणीतरी तो मजकूर त्याच्या नावाच्या खात्यावर टाकते. चोरून आत आणलेला फोन जप्त करणे वेगळे आणि हा मजकूरच रोखणे वेगळे. नियम करताना मात्र या दोहोंची वारंवार गल्लत केली जाते.

शिक्षेने हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य जाते, सगळे मूलभूत हक्क जात नाहीत, हे तत्त्व समाजमाध्यमांपेक्षा जुने आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी स्थानबद्धतेत अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू न देणे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बेकायदा ठरवले. अमेरिकेत १९८७ च्या टर्नर विरुद्ध सेफ्ली निकालानुसार निर्बंधाचा तुरुंग व्यवस्थापनाच्या रास्त गरजेशी वाजवी संबंध असावा लागतो. ही कसोटी प्रशासनाला बरेच झुकते माप देते. तरीही, बाहेरच्यांनी कैद्याची माहिती इंटरनेटवर टाकली तरी कैद्यालाच दंडित करणारा ॲरिझोनाचा कायदा २००३ मध्ये न्यायालयात टिकला नाही.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात कैद्याने फेसबुकवर लिहिणे हा गंभीर शिस्तभंग मानला गेला आणि ज्या ज्या दिवशी पोस्ट टाकली तो प्रत्येक दिवस स्वतंत्र गुन्हा धरला गेला. २०१५ मध्ये उघड झालेल्या नोंदींनुसार एका कैद्याला ३८ पोस्टसाठी १३,६८० दिवसांची, म्हणजे साडेसदतीस वर्षांची एकांतकोठडी सुनावण्यात आली होती. त्या पोस्टमध्ये काय लिहिले होते, हा प्रश्न या हिशेबात कोठेच येत नाही, आणि अन्यायाचे मूळ तेथेच आहे. साक्षीदाराला धमकावणे, पीडिताच्या कुटुंबाला छळणे किंवा आतून टोळी चालवणे रोखायलाच हवे. पण त्यासाठी मजकूर वाचून निर्णय घ्यावा लागतो.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने काल्डा विरुद्ध एस्टोनिया (२०१६) या खटल्यात मधला मार्ग काढला: कैद्यांना इंटरनेट देण्याचे बंधन राज्यावर नाही, मात्र काही कायदेविषयक संकेतस्थळे खुली केल्यावर तशीच इतर संकेतस्थळे नाकारायला सबळ कारण लागते. समाजमाध्यमांवर तो निकाल नव्हता.

कैद्याचे शब्द बाहेर नेणाऱ्यांनाही झळ पोहोचते. रशियात विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचे तुरुंगातील लेखन वकिलांमार्फत बाहेर येऊन समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होत असे. त्यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्या तीन वकिलांना निरोप पोहोचवल्याबद्दल कारावासाची शिक्षा झाली.