‘मान्य, पण…’ : सीडॉ कराराच्या सशर्त मान्यतांची पार्श्वभूमी

महिलांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजेच सीडॉ, आज १८९ देशांनी स्वीकारलेला आहे. हा आकडा आणि स्त्रियांची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसत नाही, तेव्हा दोष अंमलबजावणीला दिला जातो. तो चुकीचा नाही. पण बरेचसे उत्तर कराराच्या मजकुरातच आहे आणि ते १९७९ सालचे आहे.

त्याआधीची तीन दशके तुकड्यातुकड्याने गेली. स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा करार १९५२ चा, विवाहित स्त्रियांच्या नागरिकत्वाचा १९५७ चा, विवाहाची संमती आणि किमान वय यांचा १९६२ चा. १९६७ च्या जाहीरनाम्याने सगळे विषय एकत्र आणले, मात्र जाहीरनामा कुणाला बांधून ठेवत नाही. १९७५ च्या मेक्सिकोतील जागतिक महिला परिषदेनंतर कामाला वेग आला आणि १८ डिसेंबर १९७९ रोजी महासभेने १३० मतांनी करार संमत केला. विरोधात एकही मत पडले नाही. गोम इथेच आहे. विरोध सभागृहात झालाच नाही; तो पुढे एकेका देशाच्या मान्यतापत्रातून, ‘अमुक कलम वगळून’ अशा ओळींतून झाला.

कलम २८ म्हणते की कराराच्या उद्देशाशी विसंगत असलेला अपवाद चालणार नाही. विसंगती आहे की नाही हे कोण ठरवणार, यावर ते मौन पाळते. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या करारात ही सोय होती: किमान दोन तृतीयांश सदस्य देशांनी आक्षेप घेतला की अपवाद बाद. हा नमुना समोर असूनही स्त्रियांच्या करारात तो आला नाही. अटी कडक ठेवल्या तर अनेक देश बाहेरच राहतील, असे त्याचे समर्थन केले जाते. ते अगदीच पोकळ नाही. ३ सप्टेंबर १९८१ ला, म्हणजे दोन वर्षांच्या आत, करार अमलात आला. पण वंशभेदाच्या बाबतीत जो धोका पत्करला गेला तो स्त्रियांच्या बाबतीत का नाही, याचे पटण्याजोगे उत्तर आजवर मिळालेले नाही. एखाद्या देशाने आक्षेप घेतलाच, तर तो नोंदवला जातो आणि अपवाद सहसा जागच्या जागी राहतो. स्वीडन, जर्मनी, मेक्सिको यांनी असे आक्षेप घेतले आहेत.

हा प्रश्न फक्त मुस्लिम देशांचा, ही समजूत अर्धवट आहे. सौदी अरेबियाने २००० मध्ये धर्मकायद्याशी विसंगत असेल ते आपल्यावर बंधनकारक नाही, असा सरसकट अपवाद केला, हे खरे. पण स्पेनने १९८४ मध्ये राजगादीच्या वारसाहक्काला धक्का लागणार नाही, असे लिहून दिले. ब्रिटन आणि लक्झेंबर्ग यांनीही आपापले सिंहासन सांभाळले. ऑस्ट्रेलियाने देशभर पगारी बाळंतपणाची रजा देण्याच्या स्थितीत आपण नाही, असे कळवले. भारताने १९९३ मध्ये दोन निवेदने जोडली: कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, आणि चालीरीती, धर्म व साक्षरतेचे इतके वैविध्य असलेल्या विशाल देशात विवाहनोंदणीची सक्ती व्यवहार्य नाही. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, पण मान्यता अजूनही दिलेली नाही. म्हणजे तिला अपवादांचीही गरज पडली नाही.

कलम ९ चा दुसरा परिच्छेद घ्या. मुलाच्या नागरिकत्वाबाबत आईला वडिलांइतकाच हक्क द्यावा, एवढेच ते म्हणते. लेबनॉनने १९९७ मध्ये करार स्वीकारताना नेमके हेच वगळले. तिथला नागरिकत्वाचा कायदा १९२५ चा आणि तो वडिलांकडून चालतो. लेबनीज आईच्या पोटी बैरूतमध्ये जन्मलेल्या, तिथेच शाळेत जाणाऱ्या मुलाचे वडील परदेशी असतील तर ते मूल कागदोपत्री परकेच. त्याला आईच्या देशात राहायला निवास परवाना लागतो. जगातल्या सुमारे दोन डझन देशांत आईला हा हक्क समान मिळत नाही.

करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९८७ मध्ये इस्लामी कायदे व प्रथांखालील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास व्हावा, अशी मागणी केली. सदस्य देशांनी ती धर्मावरचा हल्ला ठरवून बासनात गुंडाळली. फक्त एकाच धर्माचे नाव घेणे हे समितीचे राजकीय अजाणतेपणाचे लक्षण होते, असे म्हणायला जागा आहे. पुढे १९९८ मध्ये तिने भाषा बदलली: कलम २ (भेदभाव संपवण्याची जबाबदारी) आणि १६ (विवाह व कुटुंबातील समानता) हा कराराचा गाभा, त्यांना अपवाद करणे कराराच्या हेतूलाच मारक. नियम तोच, रोख सगळ्यांकडे. १९९९ च्या पूरक करारात तर अपवादांना बंदीच घातली गेली. तो शंभराहून अधिक देशांनी स्वीकारला. भारत त्यात नाही.

अपवाद मागेही घेतले गेले. इजिप्तने २००४ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि २००८ मध्ये त्या कलमावरचा अपवाद काढला. मोरोक्कोतही २००७ मध्ये कायदा बदलला, अपवाद २०११ मध्ये गेला. कायदा आधी, कागद मागाहून, हाच क्रम. तिथल्या स्त्री संघटनांना अपवादांच्या यादीचा उपयोग झाला, कारण सरकार काय नाकारते हे त्याच्याच सहीने लिहिलेले होते.

आता अफगाणिस्तान. त्याने ५ मार्च २००३ रोजी एकही अपवाद न ठेवता करार स्वीकारला. २०२१ नंतर तिथे मुलींसाठी माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही बंद झाली, तरी त्या मान्यतेचे बंधन कायम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि नेदरलँड्स यांनी कलम २९ खाली पाऊल उचलत असल्याचे जाहीर केले. त्यात आधी वाटाघाटी, मग लवाद, आणि लवादाच्या रचनेवर सहा महिन्यांत एकमत झाले नाही तर हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय, अशी पायरी आहे. ज्यांनी या कलमालाच अपवाद केला आहे, त्यांच्याविरुद्ध ही वाट बंद आहे. भारताचा १९९३ चा तिसरा मुद्दा हाच होता.