जुनी मस्टँग, मोजके पैसे: स्वस्तात अपग्रेड करायची पद्धत आली कुठून

१९६६ च्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडलं की ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) ऑइलची एकच टाकी दिसते. म्हणजे चारही चाकांना मिळून एकच लाइन, कुठेतरी एक पाइप गंजून फुटला की पेडल सरळ खाली आणि गाडीला ब्रेकच नाही. मिशिगनला आल्यावर काही वर्षांनी मी सहा सिलिंडरची ६६ कूप घेतली (व्ही-एटवाली, म्हणजे आठ सिलिंडरची, परवडणारी नव्हती) तेव्हा माझं सगळं लक्ष इंजिनाकडे होतं, पण शेजारच्या काकांनी बॉनेट उघडल्या उघडल्या त्या टाकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, आधी हे. पुढच्याच वर्षी, ६७ च्या मॉडेलपासून, दोन टाक्यांचा मास्टर सिलिंडर आला. जरा जुळवाजुळव केली की तो ६६ ला बसतो आणि अगदी कमी पैशात होणारं काम आहे. तेव्हापासून मला हा प्रश्न पडलाय की एवढ्या झपाट्याने वेग घेणाऱ्या त्या जमान्यातल्या गाड्या थांबायच्या बाबतीत इतक्या कच्च्या का होत्या, आणि एका गाडीचा पार्ट दुसरीला बसवून त्या सुधारायची ही सवय लोकांना लागली कधी.

सवय जुनी आहे. फोर्डने १९३२ मधे सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट इंजिन काढलं, फ्लॅटहेड, ६५ हॉर्सपॉवरचं. काही वर्षांत हीच मॉडेलं सेकंडहँडमधे स्वस्त झाली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं ती घेऊन, मडगार्ड वगैरे काढून हलकी करून, सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायला लागली. त्यांच्या क्लबांची संघटना १९३७ मधे झाली. महायुद्धानंतर सैन्यातून परतलेली मुलं यात आली, हात मशीनवर बसलेला होता, खिशात पैसे फार नव्हते, त्यामुळे भंगारातून उचलायचं आणि बसवायचं. हेच हॉट रॉड. मग १९५५ मधे शेवरोलेचं छोटं व्ही-एट आलं, २६५ क्युबिक इंचांचं, आणि त्याच ब्लॉकच्या घडणीतून पुढे २८३, ३२७, ३५० अशी मोठी मोठी इंजिनं निघत गेली, म्हणून नव्या गाडीचं इंजिन जुन्यात बसवणं फारसं अवघड राहिलं नाही. स्वस्त अपग्रेडचं सगळं जग या एका गोष्टीवर उभं आहे असं मी म्हणेन.

आणि मसल कार म्हणजे तरी काय, तर हाच उद्योग कंपनीने स्वतः केला. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. त्यांच्याच पाँटिअ‍ॅक विभागात इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या माणसांनी मोठ्या गाडीचं ३८९ चं इंजिन टेम्पेस्ट लेमान्समधे बसवलं आणि वेगळं मॉडेल न म्हणता ऑप्शन म्हणून विकलं, नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. तीच १९६४ ची जीटीओ. साधारण तीनशे डॉलर जास्त दिले की ३२५ हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी ५,००० विकायचं ठरलं होतं, ३२,४५० विकल्या गेल्या. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे डिस्क पाहिजे तर ऑप्शन म्हणूनही मिळायची नाही, ती ६७ मधे आली. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून लायनर दाबून चाक थांबवतात. त्याचं असं आहे की एकदा जोरात ब्रेक मारला तर ठीक, पण लागोपाठ दोन-तीनदा मारला की ड्रम तापून फुगतो, लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं, लायनरची पकडही सुटत जाते. पाव मैलाच्या शर्यतीत हे कळतच नाही, आणि जाहिरातीत लिहायचा तो पाव मैलच होता.

मस्टँगला जाणकार लोक मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार (लहान, स्वस्त, स्पोर्टी गाडी) म्हणतात, ते बरोबरच आहे. पण बजेटवाल्या माणसाची पहिली गाडी बहुतेक वेळा हीच असते म्हणून तिच्यावरच बोलतो. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमधे ती आली, किंमत २,३६८ डॉलर, वर्षभरात चार लाखांच्या वर गेल्या. एवढी स्वस्त जमली कारण खालचं सगळं फाल्कन या साध्या घरगुती गाडीचं होतं. सहा सिलिंडरवालीला चार बोल्टची चाकं आणि ९ इंची ड्रम, व्ही-एटला पाच बोल्ट आणि १० इंची ड्रम, स्टिअरिंगचे सांधे वेगळे, मागचा एक्सलही वेगळा. म्हणून सहा सिलिंडरवाली स्वस्तात घेऊन नुसतं व्ही-एट टाकू असं ज्याला वाटतं त्याचं बजेट इंजिनच्या आधीच संपतं. त्यात सहा सिलिंडरच्या हेडमधेच इनटेक मॅनिफोल्ड ओतलेला असतो, वेगळा काढता येत नाही, त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावायची सोपी वाटही बंद.

मग लोकांनी फोर्डच्याच इतर गाड्या धुंडाळल्या. १९७५ ते ८० ची ग्रॅनाडा, चौकोनी, कुणाच्या डोळ्यात न भरणारी सेडान, पण तिची पुढची डिस्क स्पिंडलसकट (चाक ज्यावर फिरतं तो भाग) जुन्या मस्टँगला बसवता येते हे कळल्यावर वर्षानुवर्षं भंगाराच्या यार्डातल्या ग्रॅनाडा पुढून सोलून नेल्या लोकांनी. यात एक बारीक गोष्ट नवीन माणूस विसरतो: ड्रमच्या मास्टर सिलिंडरमधे लाइनमधे थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाइनवर तसाच राहिला तर डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे पॅड घासत राहतात. आणि ड्रम फिरता फिरता स्वतःच लायनर ओढून घेतो, डिस्क तसं करत नाही, म्हणून बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नसेल तर पेडल जड लागतं, घाबरायचं कारण नाही.

आता सगळ्यात स्वस्त आणि माझं सगळ्यात आवडतं काम. फोर्डमधले सस्पेन्शनचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी दाखवलं होतं की पुढचा वरचा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा हात) जिथे बोल्टने बसतो ती जागा एक इंच खाली घेतली तर वळणावर बाहेरचं चाक बाहेर कलत नाही, टायर रस्त्यावर नीट बसून राहतो. रेसर कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी३५० मधे हे केलेलं होतं, गाडी ४,५४७ डॉलरला, ५६२ बनल्या. ६६ च्या मॉडेलमधे पुढे खर्च वाचवायला हे काम बंद केलं. आज ती खरी शेल्बी घेणं आपल्यासारख्याच्या आवाक्यात नाही, पण खालच्या जागी बोल्टची भोकं मात्र आपणही पाडू शकतो! प्रत्येक बाजूला दोन, चांगला ड्रिल, मोजमापाचा कागद आणि नंतर अलाइनमेंटचे पैसे, बस. मी हे एका शनिवारी केलं आणि गाडी हातात आल्यासारखी वाटली, इंजिनला हातही न लावता.

मसल कारचा जमाना आटोपला तो पटकन. तरुण गिऱ्हाइकांच्या विम्याचे हप्ते भयंकर वाढले, १९७० चा क्लीन एअर कायदा आला, ७१ मधे जनरल मोटर्सने साध्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशन खाली आणलं, ७३ च्या शेवटी तेलाची टंचाई. ७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची रीतही बदलली, आधी नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे, नंतर फॅन-सायलेन्सर-फिल्टर लावून, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या मग सेकंडहँडमधे कवडीमोलाने गेल्या, आणि परत ३२ सालच्या फोर्डसारखंच झालं, कमी पैसेवाल्या पोरांच्या हातात आल्या.

त्यांच्यासाठी पुढचा खजिना म्हणजे ऐंशीच्या दशकातली ५.० (पाच लिटर इंजिनाची) मस्टँग. तिचं ३०२ क्युबिक इंचांचं इंजिन हे ६६ च्या २८९ चंच भावंड, आणि १९८३ पासून तिच्यात टी-५ पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळायला लागला, हायवेवर इंजिन शांत चालतं. पण इथे एक सापळा आहे. साधारण १९८२ पासूनच्या ३०२ चं बॅलन्सिंग (फिरताना थरथर होऊ नये म्हणून फ्लायव्हील आणि पुढच्या बॅलन्सरवर ठेवलेलं वजन) ५० औंस-इंचाचं, त्याआधीचं २८ चं, जुना फ्लायव्हील किंवा पुढचा बॅलन्सर नव्या इंजिनला लावला की गाडी थरथरते आणि शेवटी बेअरिंग जातात. माझ्या ओळखीतल्या एकाला विकणाऱ्याने चुकीचा फ्लायव्हील बरोबर म्हणून दिला होता, सगळं परत उतरवायला दोन रविवार गेले.

इग्निशनचं जास्त सांगत नाही. पॉइंट घासून गॅप बसवायचं काम ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना माहितीये, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक किट तासाभरात बसतं. मात्र या सगळ्याच्या आधी काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून आत पाय ठेवायच्या जागी ठिबकतंय का ते बघा, त्या वेळच्या मस्टँगचा पत्रा तिथेच सडतो आणि तो बदलायचा खर्च ब्रेक-सस्पेन्शन दोन्हींपेक्षा जास्त जाऊ शकतो. आणि डिकीत बघा, डिकीची जमीन म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा आहे, टाकी आणि मागच्या सीटमधे काहीच नाही. तिथे स्टीलचा पत्रा लावून घ्या, क्रोमवर एक डॉलर घालायच्या आधी.

नव्वदच्या दशकात ग्रॅनाडा संपत आल्या तोवर फोर्डच्याच एक्स्प्लोरर या एसयूव्ही यार्डात यायला लागल्या. ९६ ते २००१ च्या काहींमधे चांगल्या हेडचं ५.० इंजिन, आणि ९५ पासून मागे डिस्क असलेला ८.८ इंची एक्सल, पाच बोल्टची मापं व्ही-एट मस्टँगचीच. एक्सल थोडा रुंद पडतो, त्यावर लोकांनी काय काढलं तर लांब बाजूची नळी जवळपास तीन इंच कापायची आणि दुसऱ्या एक्स्प्लोररमधला आखूड बाजूचा शाफ्ट तिथे घालायचा, आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकी नवीन जागी वेल्ड करायच्या. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारने जुनी गाडी द्या, नवीवर सूट घ्या अशी योजना काढली, सहा लाखांच्या वर गाड्या जमा झाल्या आणि त्यात सगळ्यात जास्त एक्स्प्लोरर होत्या. नियमाप्रमाणे इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती चालू ठेवली की जाम व्हायची, कायमची. एक्सलला मात्र कुणी काही केलं नव्हतं. माझ्या गाडीखाली आज जो आहे, त्याची कापलेली बाजू एका एक्स्प्लोररची आणि आखूड शाफ्ट दुसरीचा, दोन वेगळ्या यार्डांतून आणलेला.