लॉक काढलं, पण पेटंटचं काय?

एकच माहिती प्रोग्राममधले अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाचताहेत आणि मध्येच एखाद्याला ती बदलायची आहे, तर सरळ उपाय म्हणजे लॉक, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांना थांबवायचं. पण लॉक आलं की रांग आली. 'रीड-कॉपी-अपडेट' म्हणजे आरसीयू ही वाचणाऱ्यांची रांगच मोडून टाकतं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला भावाचा फळा लावलाय असं समजा. भाव बदलला तर तो पुसायचा नाही. दुसऱ्या फळ्यावर नवा भाव लिहून तो पुढे करायचा. नवे येणारे नवा भाव वाचतील, आणि जुन्यासमोर आधीपासून उभे असलेले व्यापारी हलले की तो उचलायचा. वाचणाऱ्याला कुणीच अडवत नाही. खरी कसरत आहे ती 'जुन्यासमोर आता कुणी उरलं नाही' हे स्वस्तात ओळखण्याची.

नेमकं हे ओळखण्याचंच पेटंट होतं. सीक्वेंट कंपनीच्या पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी १९९३ साली अर्ज केला, १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. १९९९ साली आयबीएमने सीक्वेंट विकत घेतली आणि २००२ साली आरसीयू लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आलं, जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली. जीपीएलवाल्यांची सोय झाली, पण बीएसडी या दुसऱ्या मुक्त-स्रोत परवान्याच्या प्रकल्पांना तेवढी मोकळीक नव्हती. अर्जापासून वीस वर्षं धरली तर २०१३ साली हे मूळ पेटंट संपलं. आरसीयूवरच्या पुढच्या सुधारणांची पेटंटं मात्र वेगळी, त्यांच्या मुदतीही वेगळ्या.

कोल्हापुरात राजारामपुरीत बसून लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्याला वाटेल, आपल्याला काय त्याचं? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार अल्गोरिदमला आणि निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. खरं आहे, पण 'निव्वळ' या शब्दावर वकील बरंच खेळतात. शिवाय पेटंट त्या त्या देशापुरतं असतं, आणि तुमची लायब्ररी अमेरिकेतली कंपनी वापरते तेव्हा तिला तिथला कायदा लागतो. कंपनीच्या वकिलाने नाक मुरडलं की लायब्ररी बाहेर.

मग सगळी पेटंटं वाचत बसायची का? माझं मत, नको. अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन केल्याचं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून तिथे अनेक कंपन्या इंजिनिअरांना पेटंटं वाचूच नका म्हणतात. ऐकायला विचित्र, पण हिशेबाला बरोबर.

त्यापेक्षा परवाना नीट निवडा. एमआयटी या मुक्त-स्रोत परवान्यात पेटंटचा शब्दही नाही. २००४ सालच्या अपाची २.० परवान्यात कोड देणारा आपल्या त्या कोडपुरती पेटंटची मुभाही देतो, आणि त्या कोडवरून पेटंटचा दावा ठोकणाऱ्याची मुभा रद्द होते. तिसऱ्याच कुणाचं पेटंट असेल, तर तिथे हा परवाना कामाचा नाही.

दुसरं म्हणजे तंत्राचं वय बघा. माहिती लॉकशिवाय हाताळणाऱ्या रचनाच घ्या: ट्रायबरचा लॉक-फ्री स्टॅक (चळत) १९८६ चा, मायकेल-स्कॉट रांग (क्यू) १९९६ ची. एवढं जुनं आणि उघड छापलेलं तंत्र मूळ रूपात बिनधास्त वापरावं. त्यावरची अलीकडची एखादी चलाख सुधारणा उचलायची असेल, तर तारीख नव्याने तपासा.