शायॅन फ्रंटियर डेज
अमेरिकेतील वायोमिंग राज्याची राजधानी शायॅन येथे दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात भरणारा रोडिओचा दहा दिवसांचा उत्सव. गुरे वळून एकत्र आणणे या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून रोडिओ हे नाव आले असून गुराख्यांच्या रोजच्या कामांतूनच त्याचे खेळ निघाले आहेत. पहिला उत्सव २३ सप्टेंबर १८९७ रोजी झाला, तो एकाच दिवसाचा होता. मोकळ्या माळावर गुरे राखण्याचे दिवस तोवर सरत आले होते. त्या मावळत्या धंद्याचा तमाशा मांडून आगगाडीला उतारू मिळवावेत, ही कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेच्या फ्रेडरिक एंजियर या अधिकाऱ्याची. त्यामुळे गतकाळाची ओढ आणि तिकीटविक्री यांची सांगड येथे आरंभापासूनच आहे.

येथील सर्वांत जुन्या वळणाचा खेळ म्हणजे बैलाला दोराने पाडणे. बैलाला प्रथम तीस फूट मोकळीक मिळते, मग घोडेस्वार मागे सुटतो. भरधाव घोड्यावरून तो शिंगांत फास टाकतो, दोर बैलाच्या उजव्या पुठ्ठ्यावरून पलीकडे घेतो आणि घोडा डावीकडे तिरका काढतो. त्या हिसक्याने बैल आडवा होतो, तोच स्वार उतरून त्याचे तीन पाय बांधतो. माळावर आजारी गुराला औषध लावताना एकट्या गुराख्याला असेच करावे लागे. याउलट उधळ्या घोड्यावर किंवा वळूवर आठ सेकंद टिकून राहण्याची स्पर्धा कामापेक्षा पैजेच्याच जवळची वाटते. तेथे मोकळा हात जनावराला लागला की स्वार बाद. शंभरांपैकी निम्मे गुण स्वाराचे आणि निम्मे जनावराचे असल्याने जनावर गरीब निघाले, तर कसलेल्या स्वारालाही जिंकणे अवघड जाते.

१९०४ मध्ये टेक्ससचा कृष्णवर्णीय गुराखी बिल पिकेट याने येथे बैलाचा ओठ दातांत धरून त्याला लोळवून दाखवले. ३० जुलै १९८९ रोजी लेन फ्रॉस्ट हा माजी जगज्जेता आठ सेकंद पुरी करून खाली उतरला, तेव्हा वळूने त्याला पाठीमागून धडक दिली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने छाती-बरगड्या राखणारे जाकीट तयार केले आणि वळूस्वारांत ते रूढ झाले. जनावरांच्या इजेचा प्रश्न मात्र वादाचाच राहिला असून दोराने पाडण्याच्या खेळांवर प्राणिहितवाद्यांचा विशेष आक्षेप आहे.

प्रेक्षकाचा दिवस मैदानाबाहेरच सुरू होतो. ठरावीक सकाळी गावात फुकट न्याहारी असते. तिच्यातील पॅनकेकचे पीठ चक्क सिमेंट कालवण्याच्या यंत्रात भिजवतात आणि तव्यावरून उडवलेले पॅनकेक पुढे उभी असलेली मुले झेलतात. जुन्या घोडागाड्यांच्या मिरवणुकाही निघतात. शायॅन समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० फूट उंच असल्याने दुपारचे ऊन झोंबते आणि वळवासारखी सर अचानक येते. चिखल झाला तरी खेळ सहसा थांबत नाहीत. दिवसाअखेर रानटी घोड्यांची शर्यत होते. तिघातिघांचे संघ न शिकवलेल्या घोड्यावर खोगीर चढवण्यासाठी झटतात, आणि एकाने त्यावर बसून धावपट्टीचा फेरा पुरा करायचा असतो. पुष्कळदा घोडाच तो एकटा पुरा करतो.