जॉर्जियात कामगार आयुक्तपदाची उमेदवारी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

महाराष्ट्रात कामगार आयुक्त हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो, त्यामुळे या पदासाठी लोकांकडे मते मागायची ही कल्पनाच आपल्याकडून अमेरिकेत गेलेल्यांना नवी वाटते. तिथेही बहुतेक राज्यांत हे पद नेमणुकीनेच भरले जाते. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा आणि ओरेगन या चार राज्यांत मात्र आयुक्त थेट मतदार निवडतात. येथे जॉर्जियाचीच प्रक्रिया दिली आहे, कारण अटलांटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे आणि जन्माने अमेरिकन नसलेल्या नागरिकाला या राज्याच्या अटी जाचतात.

राज्यघटनेतील अटी वाचायला सोप्या आहेत: अमेरिकेचे नागरिकत्व मिळून किमान 10 वर्षे झालेली असावीत, निवडणुकीच्या लगत आधीची 4 वर्षे जॉर्जियात कायदेशीर वास्तव्य असावे आणि पद स्वीकारण्याच्या दिवशी वयाची 25 वर्षे पूर्ण असावीत. घोटाळा होतो तो मोजणीत. दहा वर्षे ग्रीन कार्डाच्या तारखेपासून नव्हे, तर नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या दिवसापासून धरतात. आणि वयाची अट पदग्रहणाच्या दिवसाला बांधलेली असली, तरी नागरिकत्व आणि वास्तव्य यांची मोजणी निवडणुकीच्या दिवशीच थांबते. म्हणजे ज्याने जानेवारी 2017 मध्ये शपथ घेतली, त्याची दहा वर्षे जानेवारी 2027 मधील पदग्रहणापर्यंत भरतील, पण 3 नोव्हेंबर 2026 च्या मतदानाला भरत नाहीत, आणि तो अपात्र ठरतो. वीस वर्षे इथे कर भरतो आहे, हे उत्तर या ठिकाणी कामाला येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. उमेदवारी अर्ज हे एक शपथपत्र असते. आपण पात्र आहोत, इतक्या वर्षांचे रहिवासी आहोत, असे त्यात शपथेवर लिहून द्यायचे असते. ते देताना भाडेकरार किंवा वीजबिलांचा गठ्ठा कोणी मागत नाही. त्यामुळे अर्ज स्वीकारला गेला, पावती हातात पडली, की पात्रता सिद्ध झाली असा समज होतो आणि उमेदवार निर्धास्तपणे प्रचाराला लागतो. हा समज मनातून पूर्ण काढून टाकावा. अर्जांची मुदत संपल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कोणताही पात्र मतदार लेखी हरकत घेऊ शकतो, मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाते आणि निर्णय सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचे काम पाहणारे राज्याचे अधिकारी, देतात. तिथे पुरावा देण्याची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर नसून उमेदवारावर असते, हे जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे. जो कागद अर्जाच्या खिडकीवर कोणी विचारला नाही, तोच सुनावणीत थोड्या दिवसांत हजर करावा लागतो. शासनाला हे अर्जावरच ठळक छापता आले असते; छापलेले नसल्याने भोगतो तो नवखा उमेदवार.

2025 मध्ये जॉर्जियाच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे वीजदरांसारख्या बाबींवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयोगाच्या, निवडणुकीत डॅनियल ब्लॅकमन यांच्याबाबत हेच घडले. मतदारसंघातील एक वर्षाच्या वास्तव्याची अट त्यांनी पूर्ण केल्याचे मान्य झाले नाही, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर ते अपात्र ठरले आणि नाव मतपत्रिकेवर असूनही त्यांची मते मोजली गेली नाहीत.

म्हणून अर्जाच्या आधी किमान सहा महिने नागरिकत्वाचा मूळ दाखला शोधून ठेवावा. घर बदलताना तो हरवलेला असेल, तर दुसरी प्रत मिळायला महिने लागू शकतात. वास्तव्याच्या बाबतीत आणखी एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे घरपट्टीतील होमस्टेडची, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरासाठी मिळणारी, सवलत. ज्या पत्त्यावर ती घेतली आहे, तोच तुमचा राहता पत्ता असे निवडणूक कायदा धरतो. नोकरीसाठी मध्ये वर्षभर दुसऱ्या राज्यात गेला असाल आणि तिथे मतदान केले असेल, तर जॉर्जियातील वास्तव्य तुटले असे मानले जाते. ओरेगनमध्येही 2022 साली पत्रकार निकोलस क्रिस्टॉफ यांचा राज्यपालपदाचा अर्ज वास्तव्याच्या मुद्द्यावरच फेटाळला गेला, आणि 2020 चे मतदान त्यांनी न्यूयॉर्कमध्ये केले होते ही बाब त्यांच्या विरोधात गेली.

नावाकडेही आधीच पाहावे. मतपत्रिकेवर मतदार नोंदणीत असलेलेच आडनाव येते. आपल्याकडे लग्नानंतर बदललेले आडनाव, मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव, पासपोर्टावर उलटसुलट झालेला क्रम यांमुळे तीन कागदांवर तीन नावे असणे नवे नाही. दुरुस्ती मतदार नोंदणीपासून करावी. नावामागे डॉक्टर किंवा अन्य उपाधी लावता येत नाही.

बाकीचे नेहमीचे आहे. पक्षाचा उमेदवार आपल्या पक्षाकडे अर्ज देतो आणि पदाच्या वार्षिक वेतनाच्या 3 टक्के शुल्क भरतो. 2026 च्या वेळापत्रकात ही मुदत सोमवार, 2 मार्चला सकाळी 9 वाजता सुरू होऊन शुक्रवार, 6 मार्चला दुपारी 12 वाजता संपते असे दिले आहे. शेवटचा दिवस संध्याकाळी पाचपर्यंतचा नसतो. बारा म्हणजे बारा. शुल्क परवडत नसल्यास गरिबीचे शपथपत्र देता येते, पण सोबत राज्यातील नोंदणीकृत मतदारांपैकी पाव टक्का लोकांच्या सह्या लागतात, म्हणजे ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने हजारो सह्या गोळा करणारी यंत्रणा उभी करावी अशी ही विलक्षण सवलत आहे. अपक्षाला तर एक टक्का सह्या जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारपर्यंत द्याव्या लागतात.

देणग्यांबाबत विशेष जपावे. पहिला डॉलर घेण्याआधी देणग्या स्वीकारण्याचे घोषणापत्र राज्याच्या आचारनीती आयोगाकडे दाखल झालेले असले पाहिजे. मित्रांनी उत्साहाने आधीच पाठवलेले पैसे हा नियमभंग ठरतो. शिवाय परदेशी नागरिकाने राज्याच्या निवडणुकीतही पैसे देण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. पुण्यातल्या मामांनी प्रेमाने पाठवलेली रक्कम, किंवा एच-1बी व्हिसावर असलेल्या भाच्याने मंडळाच्या कार्यक्रमात दिलेला धनादेश, दोन्ही घेता येत नाहीत. ग्रीन कार्डधारक देऊ शकतो, म्हणून प्रत्येक देणगीदाराला तो नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक हे विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी ठेवावे.